आबांसाठी तुळशीचं बी

लातूर,
९ मे १९८६

तीर्थरूप आबांस,
पंचफुलाचा जय भीम.

आम्ही इकडं ठीक आहोत. नळ आटून तीन महिने झाले, टँकरवर भागतं. लातूर जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, आमच्यासारखी बदलीची माणसं आली. पाणी तेवढंच राहिलं. ह्यांचं ऑफिस नेहमीसारखं चालू आहे.

धाकट्या लिंबाजीचं कार्ड मिळालं. तुमचा खोकला हटंना आणि इस्लापुरात औषधालाही तुळस उरली नाही, असं त्यानं लिहिलंय. म्हणून पुडीत बी पाठवते. तेलाच्या डब्याला बुडाशी तीन-चार भोकं पाडायची. दोन वाटे माती, एक वाटा रेती, एक वाटा जुनं शेणखत. बी वरच भुरभुरायचं, खोल गाडलं तर येत नाही. हातानं पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. तांदूळ धुतलेलं पाणी चालतं. सकाळचं ऊन द्यायचं, दुपारी सावलीला ठेवायचं. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे फांद्या फुटतात. मंजिरी दिसली की तोडायची.

पाला पाठवायला हवा होता. पण माझी झाडं राहिली नाहीत.

तुम्ही पाहिली होती ती. ओट्यावर सतरा डबे होते. क्वार्टरमधल्या बाया रोपं मागायला यायच्या. शेजारच्या कस्तुराबाईनं तर सहा नेली, दारात, परसात लावली. तिच्या परसात विहीर आहे. नळ आटल्यावर ती म्हणाली, "तुमी आमच्यातल्याच, घागर लावा खुशाल." आमचं आडनाव त्यांच्यातही असतं, आपल्यातही. मी घागर भरून घेतली. घरी येऊन बाबासाहेबांचा फोटो भिंतीवरून काढला आणि ट्रंकेत लुगड्याखाली ठेवला. ह्यांनी विचारलं तर मी म्हणाले, भिंतीला ओल आली. त्या दुष्काळात, आबा.

त्यानंतर आठच दिवसांनी तुम्ही आलात. दारातूनच मोठ्यानं जय भीम घातला. कस्तुराबाई ओट्यावर बसली होती. तिनं विचारलं, "कोन हो हे?" मी म्हणाले, "गावाकडचा गडी हाय आमचा. निरोप घेऊन आलाय."

तुम्ही ऐकलंत. मला वाटत होतं, तुम्ही रागवाल, माझं नाव घेऊन ओरडाल. तुम्ही पिशवीतली ज्वारीची चुंगडी ओट्याच्या कडेला ठेवली आणि म्हणालात, "मालकांनी दिलीय, बाई." मला सांभाळून घेतलंत. इस्लापूरहून दोन बस बदलून आलेल्या बापाला मी पाणीसुद्धा विचारलं नाही. कस्तुराबाईच्याच विहिरीचं पाणी घरात भरलेलं होतं.

ते लपलं असतं तरी एक. महिन्याभरात ह्यांच्या ऑफिसातून तिला कळलंच. सकाळी दार उघडलं तर सहाही रोपं मुळासकट उपटून आमच्या पायरीवर टाकलेली. मी घागर घेऊन गेले तेव्हा ती म्हणाली, "आमी रोज हात जोडून राहिलो त्या तुळशीला. आदी सांगायचं न्हाई का, बाई?" विहिरीवर फळी पडली. टँकरवरही माझी घागर मागं सरकवतात. जे मिळतं ते पिण्यालाच पुरत नाही. डबे एकेक करून वाळले. शेवटच्या झाडाच्या मंजिरीतलं हे बी आहे.

फोटो पुन्हा लावला. ह्यांनीच लावला. माझ्याशी ते कामापुरतं बोलतात.

आता खरं लिहिते. लिंबाजीच्या कार्डात आणखी होतं. डॉक्टरांनी महिनाभराच्या वर भरवसा दिलेला नाही. खुडण्याजोगी तुळस व्हायला दीड महिना लागतो. हे माहीत असूनही मी एवढं सगळं लिहीत बसले. मला यायचं होतं, पिशवी भरून ठेवली होती. पण खाली त्यानं तुमचा निरोप लिहिलाय : "तिला म्हनावं, गड्याला बगायला मालकीन येत नसती."

म्हणून येत नाही. तुम्ही खोटं बोललात ते माझ्यासाठी. मी बोलले ते एका घागरीसाठी. माफी मागायला तोंड नाही. लिंबाजीला हे पत्र वाचू देऊ नका, नाहीतर द्या. सगळ्यांना वाचून दाखवा. त्या दिवशी ओट्यावर जे म्हणायचं होतं, ते इथं खाली, सहीच्या जागी लिहिते. फार उशीर झालाय, हे कळतं.

तुमची लेक,
पंचफुला