रणकीर्तीची वेलांटी

४ जाने., रवि.
माझ्या फ्रिगेटच्या (लढाऊ जहाज) मॉडेलला पाच महिने झाले, आणि आज कळलं की बदलापुरात आणखी एक माणूस तीच फ्रिगेट करतोय. तीच. 'रणकीर्ती'. ती भंगारात जाऊन जमाना झाला. तिचं किट कुठलीही कंपनी काढत नाही, तिच्या परदेशी बहिणीचं, म्हणजे त्याच नमुन्याच्या जहाजाचं, किट आणून कापाकापी करावी लागते. म्हणजे हा वेडेपणा गावात माझ्या एकट्याच्या नावावर असायला हवा होता.

बातमी दिली चीफनी. (रणकीर्तीवरचे निवृत्त चीफ, म्हणजे खलाशांचे मुकादम. राहायला अंबरनाथ पूर्व, आवाज अजून डेकवरच.) १ फेब्रु.ला जहाजावरच्या जुन्या लोकांचा मेळावा अंबरनाथला. तिथे एक मॉडेल निवडणार, ते आमच्या वाचनालयाच्या काचपेटीत कायमचं. पेटी एकच. "दो-दो मॉडेल मिल गया, शिप का नसीब है!" म्हणाले. जहाजाचं नशीब. माझं कोण बघतो.

तो दुसरा: गायकवाड, हेंद्रेपाडा. गोदीत रंगारी होता, आता रिटायर. यापुढे नुसतं गा. पूर्ण नाव लिहिण्याइतका मी उदार नाही.

६ जाने., मंगळ.
प्रेसमधून लवकर सटकलो. उल्हासनगर, कॅम्प तीन. नांगराची साखळी हवी होती. किटमधली साखळी डेकलाच चिकटून येते, मुंग्यांची मेलेली रांग दिसते. इमिटेशन ज्वेलरीच्या दुकानात सगळ्यात बारीक साखळी मागितली.
शेठ : "साईं, भाभी के लिए?"
"नाही, जहाजासाठी."
"अच्छा! जहाज को भी नथ!" आणि नोकराला ओरडून, "अरे, साहब को बारीकवाला दिखा, इनकी शिप की शादी है!"
साखळी मात्र फर्स्टक्लास मिळाली.

किटमधल्या चुकांची यादी ४१ वर गेली. मागचा मास्ट (डोलकाठी) दोन मिलिमीटर पुढे. कठडे इतके जाड की खलाशी नाही, हत्ती टेकावेत. ते सगळे उपटून पितळी बसवतोय. प्रूफं तपासण्याचा धंदा. चूक दिसली की हात शिवशिवतो. गा.ला एवढं कळत असेल? रंगारी माणूस. ब्रश फिरवला की झालं.

८ जाने., गुरु.
सदिच्छा भेट म्हणून हेंद्रेपाड्याला गेलो. सदिच्छा काही सापडली नाही.

त्याचं मॉडेल बघितलं. खऱ्या जहाजाचा पत्रा गुळगुळीत नसतो. लाटांच्या माराने आतल्या फासळ्यांच्या मधे किंचित आत दबलेला असतो. गा.ने ते केलंय. ब्लेडने, एकेक फासळी सोडून, खरवडून खरवडून. समोरून काही दिसत नाही. त्याने खिडकी अर्धी लोटली, उजेड तिरपा झाला, आणि जहाजाच्या अंगावर बरगड्या उमटल्या. माझ्या तोंडून "वा" निघून गेलं. ते परत घ्यायची सोय नाही.

"हे कुठल्या पुस्तकात आहे?" विचारलं.
"पुस्तकात कुठं, सर. फळीवर बसून रंग मारताना बोट पत्र्याला टेकवावं लागायचं तोल जाऊ नये म्हणून. तवा लागतं हाताला."

घरी आलो. माझं जहाज बघितलं. साबणाची वडी.

११ जाने., रवि.
गा. आमच्याकडे. मांजर्लीत दुसरा मजला चढताना धापही लागली नाही, वय चौसष्ट. माझ्या मॉडेलभोवती हात मागे बांधून तीन चकरा. मग, अगदी हळू : "सर, ही खालची गोल खिडक्यांची रांग नंतर बुजवली. वेल्डिंग करून. पण गोल दिसायचे, बारीक, वरून रंग मारला तरी."
४२ वी चूक. माझी.
वर, ते गोल कसे दाखवायचे हेही शिकवून गेला. इंजेक्शनच्या सुईचं टोक कापून नळी करायची, दाबायची, फिरवायची. स्पर्धक म्हणून निदान दोन वाईट सवयी तरी असाव्यात की नाही माणसाला?

सुधा (बायको, पक्ष : विरोधी) चहाचे कप उचलताना : "तुमचं जहाज दुकानातून आणल्यासारखं दिसतं. त्यांचं समुद्रातून ओढून काढल्यासारखं असणार."
"तू पाहिलंस का त्यांचं?"
"त्यांना पाहिलं ना."

१४ जाने., बुध. संक्रांत
तिळगूळ द्यायला गा.कडे. सोबत प्रेसचं भिंग. तिळगुळाला भिंग कशाला, असं रोजनिशीने विचारू नये.

भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली टेबलावर जहाज. गायकवाडवहिनी लाडू आणायला आत गेल्या, गा. त्यांच्या मागे डबा काढून द्यायला. तेवढ्यात भिंग लावलं. मास्ट बरोबर. बोटी बरोबर. दोरखंड बरोबर. जीव रडकुंडीला आला. मग मागची बाजू, जिथे जहाजाचं नाव. अक्षरं मिलिमीटरभर. माझी छापलेली, पाण्याने चिकटवायची. त्याची हाताने, दोन केसांच्या ब्रशने.

'रणकीर्ति'.

पहिली वेलांटी! ति! मराठीत शेवटचा इकार दीर्घ, हे लोकांच्या कागदावर लाल शाईने लिहीत माझी हयात गेली. लाडू इतका गोड लागला की वहिनींनी दुसरा दिला.

१६ जाने., शुक्र.
इथल्या साप्ताहिकात माझा रकाना असतो, या आठवड्याचा आज छपाईला गेला. वीस मिनिटांत लिहून झाला, एरवी दोन दिवस लागतात. नाव कुणाचं घेतलेलं नाही. 'एका हुन्नरी कलावंताने लढाऊ जहाज बनवले. खिळा न् खिळा जागेवर. फक्त जहाजाच्या पाठीवर व्याकरणाला भोक पडले, आणि त्यातून पाणी आत येत आहे.' शेवट : 'तोफा मोजल्या, वेलांटी मोजायची राहिली.' छान जमलंय.

१८ जाने., रवि.
अंक आला. वाचनालयाच्या अध्यक्षांचा फोन, हसत हसत. भाजीवाल्याच्या गाडीपाशी कुलकर्णी मास्तर : "काय हो, बुडवलंत की जहाज!" नाव कुणाचं घेतलं नाही म्हणून कुणाला कळायचं राहिलं नाही. जहाजं आहेतच दोन.

सुधाने वाचला. घडी घातली. आजचाच अंक रद्दीत ठेवला. 

२० जाने., मंगळ.
गा.चा फोन. तो चिडला तर काय बोलायचं याची तीन उत्तरं तयार होती.

"सर, लेख वाचला. नाव नाय टाकलं, बरं केलं. दुसरी वेलांटी पायजे होती ना? पुसून परत लिहिलं काल. एकदा बघून जावा. तुमच्यासारखं कोणी सांगत नाय हो. थँक्यू, सर."

तिन्ही उत्तरं वाया गेली. "बरं, बरं," म्हणालो.

२३ जाने., शुक्र.
मागची झेंड्याची काठी कुठे बसते म्हणून चीफना विचारलं होतं. आज सकाळी त्यांनी मोबाइलवर जुना फोटो पाठवला. पाच खलाशी मागच्या कठड्याला टेकून दात काढतायत. काठी नीट दिसते.

खाली नावही नीट दिसतं. बोटांनी मोठं करून पाहिलं. आणखी मोठं केलं.

रणकीर्ति.

पहिली.

नौदलाची नावं हिंदीत. हिंदीत कीर्ति ऱ्हस्व. हे मला माहीत नाही? प्रेसमध्ये हिंदी मजकूर आला आणि पोरांनी शेवटची वेलांटी दीर्घ केली की मीच ओरडतो, इथे मराठी चालवू नका. पण त्या दिवशी भिंगातून मी जहाज बघत नव्हतो. माणूस पाडायला जागा बघत होतो. ती मिळाल्यावर पुढे डोकं चाललंच नाही.

त्याने बरोबर लिहिलं होतं. मी...

२४ जाने., शनि.
प्रेसमध्ये नवीन नाव छापून घेतलं, जुनं सोडवून हे लावलं. रणकीर्ति. आता या जगात एकच अचूक रणकीर्ति आहे आणि ती मांजर्लीत आमच्या शोकेसवर आहे.
गा.ची चुकीची आहे. माझ्यामुळे.
हे वाक्य लिहून बघितलं. शुद्धलेखन बरोबर आहे.

२६ जाने., सोम.
शाळेत झेंडावंदन. गा. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, छाती ताठ. राष्ट्रगीत संपल्यावर मला बाजूला घेतलं.

"सर, झोप लागेना दोन दिवस. अकरा वर्षं त्या बोटीवर नाव मीच मारलं. दर रिपेरला. ऑफिसातून कागद यायचा. कागदावर बरोबरच असणार, साहेब लोकांचा कागद. मीच पहिली मारली असणार बघा. आमचं शिक्षण ते किती. एवढी बोट, परदेशात जाऊन आली, कोणी बोललं नाय. मागून हसत असतील."

"अहो गायकवाड, एवढं काय त्यात."

"नाय, सर. काम म्हणजे काम. एक तारखेला मी येत नाय. तिथं सगळे बोटीवरचे. तुमचं ठेवा पेटीत. तुमचं शुद्ध आहे."

मोबाइल माझ्या खिशात होता. फोटो मोबाइलमध्ये होता. शाळेतल्या बाईंनी हातावर बुंदी ठेवली, ती खाल्ली.

घरी येताना चाल हलकी होती. हे लिहितोय, कारण इथे खोटं लिहिलं तर मग कुठेच खरं उरायचं नाही. हलकी होती.

२८ जाने., बुध.
सुधाला सांगितलं. ती मटार सोलत होती, सोलतच राहिली.
"मग सांगा की त्यांना."
"सांगणार आहे."
"कधी? एक तारखेनंतर?"
"तू मला काय समजतेस?"
"तेच विचारतेय."

२९ जाने., गुरु.
साप्ताहिकासाठी दुरुस्ती लिहिली. 'मागील रकान्यात आमच्याकडून अनवधानाने...' अनवधान खोडलं. तिथे दुसरा शब्द हवा, तो सुचला. तो छापता येणार नाही. तीन ओळींचे सहा खर्डे. उद्या दुपारी अंक बंद होतो.

३० जाने., शुक्र.
अंक बंद झाला. दुरुस्ती माझ्याच पिशवीत.

चीफचा फोन : "गायकवाड मना कर रहा है, तबियत का बोलता है. तुम्हारा पक्का ना?" पक्का म्हणालो. "वैसे पुराना आदमी है वो. उसके हाथ का लेटरिंग पूरे डॉकयार्ड में किसी का नहीं था."
मला कशाला सांगता, चीफ.
माझ्या मॉडेलवर कुणी असं बोलेल? "फार मेहनत घेतलीत हो," म्हणतील. ही शाबासकी मार्क कमी पडलेल्यांना देतात.

३१ जाने., शनि.
गेलो. संध्याकाळी पाचला.

जहाज टेबलावर नव्हतं. कपाटाच्या माथ्यावर, वर जुना टॉवेल. गा. खाली बसून कुंडीला गेरू लावत होता. मी उभ्या उभ्याच मोबाइल पुढे केला. "चूक माझी होती. तुम्ही बरोबर लिहिलं होतंत. बोटीवरही. हिंदीत पहिलीच." भाषण याहून मोठं ठरवलं होतं.

त्याने हात पुसले. दोन्ही बाजूंनी पुसले. फोटो मोठा केला. बोट न टेकवता, हवेतच, त्याने प्रत्येक अक्षरावरून फिरवलं. र. ण. की. शेवटच्या वेलांटीपाशी थांबला.

"माझंच आहे हे. शेपटी बघा. ही शेपटी दुसरं कोणी काढत नव्हतं." आणि आत ओरडला, "अगं, ये ना! पहिलीच होती! मी बरोबर होतो!"

वहिनी आल्या, चष्मा लावला, बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. आत गेल्या.

गा. अजून फोटोच बघत होता. फोटो लहान केला तशी वरची तारीख दिसली. त्याने ती वाचली. मला वाटलं होतं वाचणार नाही.

"तेवीसचा आहे."
"हो."
"झेंडावंदनाला होता म्हणजे. तुमच्याजवळ."
"होता."

मोबाइल परत दिला. उजव्या हाताने, डावा हात कोपराला लावून, वडीलधाऱ्यांना देतात तसा. तो शिवी देता तर बरं झालं असतं.

"दुसरी पुसून पहिली करायला वेळ आहे अजून," मी. "मी उद्या सगळ्यांसमोर सांगतो काय झालं ते. गायकवाडसाहेब, तुम्ही या."

"साहेब कशाला म्हणता." गेरूचा ब्रश पाण्यात बुडवला. "किती वाजता आहे?"
"दहा."
"बघू."

१ फेब्रु., रवि.
सकाळचे साडेआठ. जहाज खोक्यात, कडेने कापूस. सुधा तयार होऊन दाराशी उभी आहे. साडी नेसूनही मी आधी तयार, तुम्ही अजून लिहीत काय बसलात, म्हणते.

सांगायचं ते कागदावर लिहून घेतलंय. लेख मी लिहिला. चूक माझी होती. फोटो माझ्याकडे आठ दिवस होता. तीनच वाक्यं आहेत, चौथं सजवायला घेतलं होतं, फाडलं.

तो आला तर पेटी त्याची. तिरप्या उजेडाचीही गरज नाही, ट्यूबलाइटमध्येसुद्धा त्याचीच. हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही, आठ जानेवारीलाच कळलं होतं.

तो नाही आला तर ही तीन वाक्यं रिकाम्या खुर्चीला ऐकवायची आणि पेटी जिंकून घरी यायचं.

येवो, असं वाटतंय. खरंच वाटतंय. आणि त्याच्या खाली, अगदी तळाशी, कुणीतरी बारीक आवाजात म्हणतंय, तब्येतीचं बोलला होता ना, मग न येवो.

सुधा हाक मारतेय. निघतो.