ओळीत उभं राहून काढलेले फोटो

ता. १४, रविवार दुपार

प्रिय ताई,

तुझा खोकला थांबला का? बाळ रात्री झोपू देतंय ना? इकडे सगळं ठीक. आई बाजारात गेलीये, बाबा खुर्चीत डुलक्या घेतायत, म्हणून निवांत लिहायला बसले.

परवा फोनवर तू किती हसलीस! "ओळीत उभं राहून फोटो? आजोबांच्या लग्नात काढले तसे?" यांनीही (अजून 'हे' व्हायचेत, पण सवय करतेय) तोंड वाकडं केलं होतं. त्यांना हवे होते नकळत टिपलेले फोटो. कोणी हसतंय, कोणी डोळे पुसतंय, कॅमेऱ्याकडे कोणाचंच लक्ष नाही. खरं सांगू, मलाही तसेच हवे होते. फोटोवाल्या बाईंना मी तसं सांगूनही आले होते.

मग दोन्ही घरांचं एकत्र जेवण झालं. बाई नमुन्याचे फोटो काढायला आल्या होत्या. ते बघायला मी त्यांच्या दुकानात गेले. आई सुंदर आलीये. काकांचं पोट सगळीकडे काकांच्या आधी पोचलंय. आणि बाबा बहुतेक फोटोंत दाराकडे बघतायत. एकात तर हातात ताट धरून भिंतीला टेकलेत, चुकून दुसऱ्याच कोणाच्या घरी आल्यासारखे.

बाई म्हणाल्या, "हा बघा, सगळ्यात छान. वडील लेकीकडे कसे हरवून बघतायत!"

ताई, मी तेव्हा बाबांना पाणी द्यायला गेले होते. त्यांनी ग्लास घेतला, अदबीनं हसले आणि विचारलं, "तुम्ही मुलाकडच्या की मुलीकडच्या?"

मी म्हटलं, "मुलीकडची."

"वा, वा. पोरगी गुणाची आहे हो आमची."

बाबांचं हे विसरणं सुरू होऊन वर्ष होत आलं. तुझे दिवस अवघड चालले होते, म्हणून तुला कळवायचं नाही अशी आईनं मला शपथ घातली होती. डॉक्टर म्हणतात, हे आता वाढतच जाणार.

त्या दिवशीचा शेवटचा फोटो तेवढा निराळा. बाईंनी सगळ्यांना ओळीत उभं केलं. "इकडे बघा" म्हटल्याबरोबर बाबांनी गळ्याचं बटण लावलं, पाठ ताठ केली आणि काकांना दटावलं, "हलायचं नाही." जन्मभर मास्तरकी केली, दरवर्षी वर्गाचा फोटो काढून घेतला, ते अंगात मुरलंय. त्या फोटोत आपले बाबा आहेत गं. अगदी तेच.

काल यांना सगळं सांगितलं. मग म्हणाले, "सगळे तसेच काढू. मी त्यांच्या शेजारी उभा राहीन."

तू लग्नाच्या आदल्या दिवशी येणार होतीस. तिकीट बदल. बाळाला घेऊन जमेल तितक्या लवकर ये. अजून कधी कधी बाबा सकाळी तुझ्या खोलीचं दार हळूच उघडतात, तू उठलीस का बघायला. एखाद्या सकाळी तू खरंच तिथे असावीस.

तुझी, आणि अजून तरी त्यांची,
धाकटी