रोट खायला चार तोंडं

२० जुलै १९९७, रविवार

आज जेवता जेवता यांनी फर्मान काढलं — यंदा कानबाईच्या सणाला गावी जायचं ते कायमचं! मामंजींचा निरोप आलाय म्हणे. पुरे झालं सुरत, घरी या. माझी तव्यावरची भाकरी करपली.

कारण काय, तर इथं आपलं कोणी नाही. "उद्या मेलो तर खांदा द्यायला चार माणसं नाहीत." आता डाइंग मिलमधून येऊन दोन वाट्या वरण ओरपणारा माणूस मरणाच्या गोष्टी करतो! मी तसं म्हटलं तर सोनाली फिस्सकन हसली. वर म्हणते, "मारे नथी जवूं." यांचा पारा आणखी चढला. पोरगी गुजराती बोलते हासुद्धा माझाच गुन्हा.

मला नाही जायचं. इथं तरी खरं लिहिते. या डिंडोलीत दारात नळ आहे. घरी बसून साड्यांना लेस लावायचं काम मिळतं. डोक्यावर पदर न घेता मी दळण आणायला जाते आणि कोणी वळून बघत नाही. गावी मी शिंकले तरी सासूबाई कारण विचारतात.

पण कानबाईचं काय? कुळाची देवी ती. तिच्या नैवेद्याचे रोट, गव्हाच्या त्या जाड पोळ्या, भाऊबंदांनीच खायचे, परक्याला तुकडासुद्धा नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. म्हणून तर दर श्रावणात गाव गाठायचं. मी म्हटलं, यंदा इथंच बसवू या की! हे हसले. "रोट खाणार कोण? शेजारची हंसाबेन? सुरतेत आपल्या कुळाचं एक घर शोधून दाखव. पुन्हा गावाचं नाव काढणार नाही." सोनालीला साक्षीदार केलं. दाखवतेच आता!

२२ जुलै

पिठाच्या गिरणीच्या रांगेत सगळ्यांना विचारलं. निम्मी रांग धुळ्याची, निम्मी जळगावची, पण आमच्या कुळाचं एक नाही. भाजीवाला चिंधा म्हणाला, मी तुमचाच की वहिनी! आनंदाच्या भरात त्याच्याकडून अख्खं गंगाफळ, मांडीएवढा लाल भोपळा, घेतलं. मग देवक विचारलं तर भलतंच निघालं. गंगाफळ मात्र परत घेईना.

२५ जुलै

दत्तू नावाचा एक सापडला. खूप खणल्यावर कळलं, तो माझ्या माहेरच्या कुळाचा! ताई-ताई करत दोनदा जेवूनही गेला. हे म्हणाले, "तुला भाऊबंद शोधायला सांगितलं होतं, मेहुणा नाही."

२६ जुलै

आजपण गंगाफळाची भाजी.

३० जुलै

सापडलं! इथंच सुरतेत, बमरोलीला. दगा नावाचा लूम चालवणारा, आमच्याच गावचा, आमच्याच कुळाचा, घरात पुरुषच पुरुष. त्याची आई धुरपदाबाई दारात गहू पाखडत होती. मी सासऱ्यांचं नाव सांगितलं तशी तिनं सूप खाली ठेवलं. "त्या लबाडना घरनी सून का तू?" म्हणाली. बांधावरच्या एका लिंबाच्या झाडावरून दोन घरांचं तीन पिढ्या बोलणं बंद! ते झाड केव्हाच वाळून गेलं. एवढं सगळं सुनावून मग तिनं मला चहा पाजला. बशी भरून!

सगळं ऐकून हे उसळले. त्या घराशी आपलं भांडण आहे म्हणे. मी म्हटलं, परक्याशी कोणी तीन पिढ्या भांडतं का? आणि पैज घर शोधण्याची होती, बोलणं असण्याची नाही. सोनाली टाळ्या पिटायला लागली.

३ ऑगस्ट, रविवार

दगा आला. दोघं समोरासमोर बसले, पण एकमेकांशी बोलेनात. एकेक वाक्य सोनालीला सांगायचे, पुढं सांग म्हणून. आणि ती सवयीनं गुजरातीत सांगायची! इतक्यात लाइट गेली. दोघांच्या तोंडून अहिराणीतली तीच शिवी एकदम बाहेर पडली. मग जे हसत सुटले! जाताना दगा यांना 'भाऊ' म्हणून गेला. गावी निरोप धाडला, यंदा येत नाही. मामंजी फोनवर नुसतं "बरं" म्हणाले. त्या "बरं"चा अर्थ मी रात्रभर लावत बसले.

१० ऑगस्ट, रविवार

कानबाई बसली! आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत! कानबाई म्हणून मांडलेल्या नारळाला धुरपदाबाईंनी नथ घातली, हंसाबेननं स्वतःची बांधणी काढून दिली. गहू मोजताना प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ घ्यायची. मुठी मोजायला यांना बसवलं — आणि यांचा पंजा म्हणजे फावडं. रोटांचा डोंगर झाला. आता हे संपवायचे कसे?

११ ऑगस्ट

विसर्जनाला निघालो. वाजंत्री लागली तशी हंसाबेन कानबाईपुढं गरबाच खेळायला लागली. धुरपदाबाई आधी कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या, मग पदर खोचून स्वतःही फेर धरला.

१४ ऑगस्ट

अनर्थ! मी लेसचं काम पोचवायला गेले होते. मागे हंसाबेननं ताट भरून हांडवो दिला. रिकामं ताट परत करायचं नाही एवढं यांना बरोब्बर आठवलं — आणि ताटात काय ठेवलं? रोट! दोन! वर मला अभिमानानं सांगतात. कुळाचा सगळा धर्म मला शिकवणाऱ्या माणसानं परक्या घरात रोट दिले!

पळत शेजारी गेलो तर नवरा-बायकोनं छुंद्याबरोबर फस्त केलेले. "बहु सरस, पण गळपण ओछुं," हंसाबेन म्हणाली. गोड कमी पडलं म्हणे!

हे तसेच सायकलवर बमरोलीला. मागच्या कॅरिअरवर मी. यांचं तोंड पांढरंफटक, मलाही भीती वाटत होती, खोटं कशाला लिहू. धुरपदाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "समदं खादं का टाकी दिन्हं?"

"समदं खादं," हे म्हणाले.

"मंग ती घरनीच व्हयनी. पन आते तिले भांडनबी करनं पडी."

येताना हे वाटभर शीळ घालत होते.

१५ ऑगस्ट

धुरपदाबाईंचा निकाल कळताच हंसाबेननं आज नळावर माझ्याशी रीतसर भांडण केलं. बादली आपटली, तोंड फिरवलं. मग हळूच विचारलं, "बराबर कर्युं ने?" मी आणखी चार रोट दिले.

१६ ऑगस्ट

निरोप आला. उद्या मामंजी येताहेत. न्यायलाच, दुसरं काय! हे म्हणतात, मी शब्दाला जागेन. पण बापासमोर यांचा शब्द किती टिकतो ते मला माहीत आहे. दिवसभर सुई हाताला टोचत होती. सोनाली हंसाबेनच्या घरात लपून बसायचा सराव करतेय.

१७ ऑगस्ट, रविवार

आले. मामंजीही आणि सासूबाईही. सासूबाईंच्या डोक्यावर त्यांची रोटांचं पीठ मळायची परात, मामंजींच्या हातात पिशवी. यांनी बोलायला तोंड उघडलं, पण मामंजींनी आधी पिशवीच उघडली. आत रोट. न संपलेले. आणि खणात गुंडाळलेला, दर विसर्जनातून परत आणून जपलेला घरातला जुना नारळ — आमची कानबाई.

मामंजी खाली बघत म्हणाले, "गावमां रोट खावाले कोन्ही नई ऱ्हायनं. समदा आठेच, सुरतमां शेतस. तिले एकलीले तठे कशी ठेवू?"

मी डोक्यावर पदर घेतला आणि परात उतरवून घेतली.