शेमशकचा रस्ता

१६ बहमन, गुरुवार

नवऱ्याचा चाळिसावा दिवस झाला. हलवा उरला. माणसं गेली.

आज एक अनोळखी म्हातारा आला होता. कुदरत आगा. शेमशकला स्कीच्या उतारावर लोकांना वर नेणारे पाळणे चालवतात. होशंग तिथेच पडला तेव्हा कुदरत आगा जवळ होते. दारात बूट घालताना म्हणाले, "खानम, आमचं घर तुमचंच आहे. केव्हाही या." मला एक विचारायचं होतं. मागे लोक उभे होते, राहिलं.

सगळे सांगतात, एका क्षणात गेला. पण तो पडला सकाळी. मग मला फोन संध्याकाळी का?

१८ बहमन, शनिवार

पुरानला म्हटलं, शेमशकला जाते. बहिणीने चहाचा पेला खाली ठेवला.

"बोलावलंय कोणी?"

"कुदरत आगांनी."

"अगं ताई, ते बोलायची रीत म्हणून बोलतात! उद्या भाजीवाला म्हणेल दुकान तुमचंच, तर किल्ल्या मागशील का?"

खरं आहे. आम्ही सगळेच असं बोलतो. तरी जाणार.

हिवाळ्यात दर शुक्रवारी तो निघायचा. मी कधीच गेले नाही. गुडघे, थंडी, तपासायचे पेपर. जन्मभर भूगोल शिकवला, अल्बोर्झ पर्वत फळ्यावर खडूने काढला. खरा अल्बोर्झ खिडकीतून दिसतो तेवढाच माहीत. तिथे इतकं काय होतं?

२१ बहमन, मंगळवार

आमची प्राइड गाडी चालू झाली! त्या शुक्रवारी तो मित्रांच्या जीपने गेला होता, तेव्हापासून गल्लीत उभीच होती. सीट बरीच पुढे ओढावी लागली. गल्लीतून दोन चकरा मारल्या. शेजारचे गॅलरीतून बघत राहिले.

२४ बहमन, शुक्रवार

वर बर्फ पडतोय. पुरानचा फोन— "हवामान ऐकलंस?" ऐकलं.

२६ बहमन, रविवार

पोचले! शेमशकहून लिहिते आहे.

फशमच्या पुढे रस्ता पांढरा झाला. गाडी कडेला घेतली, जुनी सतरंजी अंथरली, चाकं बर्फात घसरू नयेत म्हणून लावायच्या साखळ्या स्वतः बांधल्या. कोणाची मदत नाही. फार बरं वाटलं. पहिल्याच वळणावर मी स्टिअरिंग वळवलं आणि गाडी सरळ गेली— बर्फाच्या ढिगात!

मागून मिनीबस आली. ड्रायव्हर उतरला, वाकून बघितलं आणि हसतच सुटला.

"आई, साखळ्या मागच्या चाकांना? ही काय पेकान आहे? हिला पुढची चाकं ओढतात!"

आमच्या जुन्या पेकान गाडीला होशंग मागेच बांधायचा. मला साखळ्या म्हणजे मागे, एवढंच ठाऊक.

"मागच्या पायांत बूट, पुढचे अनवाणी! घोडं घसरेल नाही तर काय?" बसमधल्या पोरी खिदळल्या. मग त्याच पोरींनी गाडी ढकलून काढली. त्याने साखळ्या पुढे बांधून दिल्या. त्यानंतर गाडी शहाण्यासारखी चढली. साखळ्यांचा खडखडाट ऐकत राहावासा वाटतो.

कुदरत आगांच्या बायकोने, सकीना खानमनी, दार उघडलं. मी नाव सांगितलं. त्या आत वळून ओरडल्या, "अहो! चाळिसाव्याला काय बोलून आलात? त्या आल्यात!" मग कोंबडीमागे धावपळ. मला हसू आलं. इतक्या दिवसांनी.

दुपारी उतार बघितला. लोक खाली येताना थांबतात कसे, हेच कळेना. विचारलं.

"पडायचं, खानम. पहिलं वर्ष तेच."

"आणि होशंग?"

"होशंग आगा? शेवटपर्यंत तेच!"

घरी सांगायचा, वाऱ्यासारखा जातो! तरी दर शुक्रवारी यायचा. पडायला. मी बराच वेळ तिथे उभी राहिले. थंडी विसरले.

संध्याकाळी कोर्सीच्या, शेगडीवरच्या ठेंगण्या मेजाच्या, ऊबदार रजईत पाय घालून बसलो, तेव्हा विचारलं: मला उशिरा का कळवलंत? कुदरत आगा म्हणाले, "फुलासारखे गेले, खानम." जेवताना पुन्हा विचारलं. "चूक आमचीच. भात घ्या ना." सकीना खानम ताटात बघत होत्या.

पाहुण्याने दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं— ही आमची रीत. खरं सांगण्याचंही तसंच असेल का? उद्या बघते.

२७ बहमन, सोमवार

नाश्त्याला तिसऱ्यांदा विचारलं. कुदरत आगांनी हातातली भाकर खाली ठेवली.

"एका क्षणात नाही गेले, खानम. दुपारपर्यंत शुद्धीवर होते. बर्फामुळे रुग्णवाहिका खालीच अडकली. मी तुम्हाला लावायला फोन काढला, तर मनगट धरलं. म्हणाले, तिला कळवू नका. कळलं तर या रस्त्याने ती येईल."

त्याचा इतका राग मला कधी आला नव्हता.

इतक्या वर्षांत मी एकदाही आले नव्हते. तरी त्याला खात्री होती.