उत्तरेकडचं गवत

प्रिय लेनर्ड,

मंगळवार, ६ ऑक्टोबर १९९८, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आपल्या चर्चच्या उत्तरेकडच्या गवतात पहिली कुदळ पडली. मी फाटकातच उभी होते. शौचालयाच्या नळासाठी चर खणताहेत म्हणे. आठशे वर्षं गावानं कळ दाबून प्रार्थना केली, आता जमत नाही!

त्या भिंतीत खिळा ठोकायचा तर पाच साहेबांची परवानगी लागते. मातीला मात्र तुझी एकट्याची सही पुरली. चर्चचा विश्वस्त म्हणून तू लिहून दिलंस, ‘उत्तरेला एकही थडगं नाही.’ दारावर लावलेला कागद मी दोनदा वाचला. अक्षर अजून तसंच गिचमिड.

दगड नाही, हे खरं. बाप्तिस्मा न झालेल्या बाळांना दगड कोण देणार? पण १९४९च्या फेब्रुवारीत, भिंतीला टेकू देणाऱ्या तिसऱ्या धिऱ्यापाशी बाबांनी खड्डा केला आणि सफरचंदांची पेटी तू उचलून नेलीस. झाकणही तूच ठोकलंस. एकोणीस वर्षांचा होतास. विसरायचं वय नव्हतं ते.

खणणारा मला म्हणाला, “आजी, इथं नुसती मुळं आहेत. घरी जाऊन चहा घ्या.” मी म्हटलं, “तुझी आजी असते तर आधी टोपी काढायला शिकवलं असतं.” बिचाऱ्यानं काढली. आज चर दुसऱ्या धिऱ्यापर्यंत आलाय. सोमवारी काँक्रीट ओतणार.

छातीच्या दुखण्यामुळे विनीला कॉन्व्हेंटातून घरी आणलंय, असं आईनं माझ्याबद्दल गावात सांगितलं होतं. गावानं मानलं, किंवा मानल्यासारखं केलं. खोटं बोलू नये, हे सिस्टर्सनी शिकवलेलं मी तुम्हा सगळ्यांसाठी पन्नास वर्षं गिळलं. चाळीस वर्षं दुसऱ्यांची मुलं शिकवली. तू कधी विषय काढला नाहीस. वाटायचं, माझी लाज राखतोयस. मंगळवारी कळलं, स्वतःची राखत होतास.

पेटीत माझं बाळ होतं, लेनर्ड. मला ते कुणी दाखवलं नाही. माडीच्या खिडकीतून फक्त तुझी पाठ दिसली. शनिवारी, १० तारखेला, दुपारी बाराच्या आत सही करून लेखी कळव, की तिथं थडगं आहे. नाहीतर रविवारी प्रार्थनेनंतर मी उभी राहून सगळ्यांना सांगेन. आणि त्याच कागदावर, खाली, मुलगा होता की मुलगी, तेवढं लिही.

तुझीच बहीण,
विनिफ्रेड