काळी खुर्ची

४ मार्च
तर म्हणे वाकवलेलं लाकूड म्हणजे लाकडावर जबरदस्ती! बाबांचं फोनवर परत तेच. "सांधा जमत नाही म्हणून वाकवता तुम्ही." स्वतः जन्मभर दारं-खिडक्या केल्या, इथलं, खुर्च्यांच्या कारखान्यातलं, काय ठाऊक त्यांना? काठी वाफेच्या पेटीतून काढायची, तडा जाऊ नये म्हणून बाहेरच्या अंगाला पोलादी पट्टी आवळायची, मिनिटभरात लोखंडी साच्यावर वाकवायची. पाच दिवस तिथेच वाळवायची. खुर्चीच्या पाठीची अख्खी कमान एका काठीची! चार स्क्रू, तेही उघडे. जे आहे ते दिसतं. याहून खरं काय असतं?
फोन आदळला.

५ मार्च
दिवसभर रागातच वाकवत होतो. बोटं भाजली.

१४ मार्च
डोकं फिरलंय. तयार खुर्चीच्या कमानीला तडा — नख जाईल एवढा! मी म्हटलं, जाळा. लांबीमामानं (लांबी भरून लाकडाच्या भेगा बुजवतो म्हणून हे नाव) भुसा-सरस भरला, वर काळा रंग. बाकी सगळ्या लाकडाच्या रंगात, ही एकटी काळी.
"बघ, नटली की नाही!"
"मामा, बसणारा पडेल."
"माझ्या सुरकुत्यांना अशी लांबी मिळत नाही रे, नाहीतर दुसरं लग्न केलं असतं!"
सगळे फिदीफिदी. चोर लेकाचे!

१६ मार्च
काळी खुर्ची समोरच्या शिवणवाल्या बाईंनी पसंत केली. दिवसभर मशीनवर, पाठीला टेकू हवा म्हणे. मी तडक मालकाकडे. "ज्यानं बिघडवली त्याच्या पगारातून कापा. बाईंच्या माथी मारू नका!"
मालक शांत. "आण ती. उलटी कर."
वाकवणारा कमानीच्या टोकाला, बैठकीखाली, पेन्सिलनं आपली खूण करतो. माझी — दोन आडव्या रेघा.
दोन आडव्या रेघाच होत्या. खाली तारीख, ५ मार्च.
पट्टी सैल राहिली असणार. माझ्याच हातून!
"आता बोल," मालक म्हणाला. "कापू की विकू?"
लांबीमामा हसला नाही. हळूच म्हणाला, "तुझ्या रेघा बघूनच भेग भरली होती रे मी."

१७ मार्च
खुर्ची मीच फोडली. बाईंना थांबायला सांगितलं, नवी मीच वाकवतोय. बाबांना फोन करून सगळं सांगितलं. मग म्हणाले, "पट्टी आवळत जा नीट."
खुर्चीचे पैसे माझ्या पगारातून कापले. बाबांना दर महिन्याला चार हजार जातात. या महिन्यात अकराशे.