काजवालीची स्तुती केली त्याची हकीगत

चि. सौ. धाकट्या जाऊबाईस थोरलीचे आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? माझेही तसेच. भाऊजींचा खोकला थांबला असेल. नसेल तर तो आता घरातलाच समज. फोनवर तू मध्येच बोलतेस, म्हणून नातीच्या हाती हे पत्र पाठवते आहे.

कारण असं की शिवणकामाच्या कारखान्यात मला टीम लीडर केलं आणि आठ दिवसांत माझ्या टेबलावरची काजवाली काम सोडून गेली. बाई भांडून गेली तर समजतं, ही स्तुती ऐकून गेली. अकरा वर्षं मी तिला टाकून बोलले, तेव्हा एक खाडा नाही. शनिवारी चारशे शर्ट द्यायचेत. त्यांना बटणं आहेत, काजं नाहीत. असा शर्ट बघून लीडरने काय करायचं, ते प्रशिक्षणात आलं नव्हतं.

तर ते प्रशिक्षण. नवे साहेब (वयाने माझ्या नातीहून लहान, पण खुर्ची फिरती) म्हणाले, आजी, तुमच्यात नेतृत्व आहे. मी म्हटलं, असेल, डॉक्टर काही बोलले नाहीत. मग दोन दिवस थंडगार खोलीत बसवलं. तिथे शिकवणारी एक बाई होती, सारखी हसत होती, कशाला ते कळलं नाही. तिने आम्हाला डोळे मिटून मागच्या माणसाच्या अंगावर पडायला लावलं, त्याने विश्वास वाढतो म्हणे. (माझ्या मागे गोदामवाला होता. झेललं बिचाऱ्याने, पण आता कमरेला पट्टा बांधून येतो आणि माझ्याशी बोलत नाही. विश्वास नक्की कुणाचा वाढला, देव जाणे.) पुढे ती म्हणाली, कुणाची चूक सांगायची तर आधी स्तुती, मग चूक, मग परत स्तुती. मी विचारलं, दोन्ही बाजूंनी एवढं गोड लावल्यावर मधली चूक सापडायची कशी? तिने माझ्या प्रश्नाची स्तुती केली आणि पुढे गेली.

सोमवारी मी काजवालीला आत बोलावलं. दार लावलं, कारण लावा म्हणून सांगितलं होतं. खुर्ची दिली. म्हटलं, तुझा हात फार चांगला आहे. ती पांढरी पडली. म्हटलं, काजं तेवढी तिरकी येतात. इथे तिच्या जिवात जीव आला (हे मला आत्ता लिहिताना कळतंय). पण प्रशिक्षणात दिलेल्या कागदावर पुढे स्तुतीच होती, म्हणून म्हटलं, तुझ्यासारखी बाई शोधून सापडायची नाही. ती उठली, आपली कात्री पिशवीत टाकली आणि म्हणाली, "मावशी, काढायचंच होतं तर सरळ सांगायचं. माझी सासू गेली तेव्हासुद्धा लोक तिच्याबद्दल एवढं गोड बोलले नव्हते." आणि गेली. आता माझा फोनही उचलत नाही.

साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, आजी, तुमचा हेतू फार चांगला होता. तेव्हापासून मला माझ्याच नोकरीची धास्ती वाटते आहे.

घरात आता आपल्याहून मोठं कुणी उरलं नाही, तेव्हा नमस्कार सांगायचे वाचले.

तुझी थोरली जाऊ

ता. क. काजवाली तुझ्याच वरच्या खोलीत भाड्याने राहते. गुडघे दुखत असले तरी आज जिना चढ. तिला कुणी काढलेलं नाही, उद्या सकाळी ये म्हणावं.

आणखी ता. क. तुझ्या मनाने गोड काही बोलू नकोस. एवढंच सांग की थोरली म्हणते, तुझी काजं अकरा वर्षं तिरकी आहेत आणि तू आलीस की ती तुझ्याकडून उसवून घेणार आहे. तुझ्या मशीनला मी दुसऱ्या कुणालाही हात लावू दिलेला नाही. हे शेवटचं वाक्य तिला वाचून दाखवू नकोस, परत घाबरेल.